थांबा मागणारा रायडर कच्चा नसतो

‘ज्याला जायचंय त्याने आत्ताच जाऊन या, मधे कुणासाठी थांबणार नाही.’ लांबच्या ग्रुप राइडच्या ब्रीफिंगमध्ये हे वाक्य इतक्या सहज येतं की हेल्मेटची पट्टी तपासा, हेडलाइट लावा यांच्या रांगेत तेही सुरक्षेचा नियम होऊन बसलं आहे. त्याच्या पाठोपाठ सल्ले येतात. निघण्याआधी पाणी कमी प्या. पेट्रोलला थांबू तेव्हा सगळं उरका. एकासाठी वीस जणांचा खोळंबा करू नका. आणि ग्रुपमध्ये बाई असेल तर जरा आवाज उतरवून, ‘तुम्हाला जमेल ना एवढं?’

मी गेली कित्येक वर्षं ग्रुपमधून गाडी चालवते आणि बहुतेक वेळा स्वीप असते, म्हणजे सगळ्यांच्या मागे. लीडला, म्हणजे सगळ्यांत पुढच्याला, आरशात दोन-तीन गाड्या दिसतात. मागच्याला अख्खा ग्रुप दिसतो. तिथून जे दिसतं त्याच्या आधारावर मी म्हणते की या नियमाने राइड सुरक्षित होत नाही, धोकादायक होते. तो ब्रीफिंगमधून काढून टाकला पाहिजे.

या नियमाच्या बाजूने बोलणारे लोक बेजबाबदार नाहीत. उत्तम गाडी चालवणारे, रस्त्यावर अपघात दिसला की सगळ्यांत आधी उतरणारे लोक त्यांच्यात आहेत. त्यांचं म्हणणं असं. हायवेच्या कडेला पंधरा-वीस गाड्या उभ्या करणं जिवाशी खेळ आहे. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर सहापदरीकरणाची कामं चालू असलेल्या पट्ट्यांत तर कडेला जागाच नसते, आणि ट्रक डावीकडूनही पुढे काढतात. शिवाय एकजण थांबला की दुसरा हेल्मेट काढतो, तिसरा सिगारेट पेटवतो, चौथ्याला फोटो हवा असतो, आणि पाच मिनिटांचा थांबा पंचवीस मिनिटांवर जातो. असे तीन थांबे झाले की पुण्याहून गोव्याला निघालेला ग्रुप आंबोली घाट अंधारात उतरतो. पावसाळ्यात, धुक्यात, ओल्या वळणांवर.

हे सगळं खरं आहे. पण यातून सिद्ध होतं ते एवढंच की न ठरवलेला थांबा वाईट असतो. थांबाच नको, हे यातून कसं निघतं? उलट, ठरवून थांबे न ठेवल्यामुळेच न ठरवलेले थांबे होतात. दीड तास दाबून धरलेल्या माणसाला तासवडे टोलनाक्याच्या पुढे कुठेतरी अचानक सहन होईनासं होतं. तो हात वर करतो, डावीकडे घेतो, मागचे तिघं गोंधळून ब्रेक मारतात, लीडला कळतच नाही आणि तो तीन किलोमीटर पुढे निघून जातो. ज्या दृश्याची भीती दाखवून थांबे नाकारले जातात, ते दृश्य थांबे नाकारल्यानेच घडतं.

त्याआधीचा अर्धा तास मागून बघणाऱ्याला वाचता येतो. रायडर सीटवर पुढे-मागे सरकू लागतो. फूटपेगवर उभा राहतो, पुन्हा बसतो. त्याचा वेग हलू लागतो. पुढच्या गाडीशी दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं ब्रीफिंगमध्ये ठरलेलं असतं, ते कमी होत जातं, कारण त्याचं अर्धं लक्ष डावीकडच्या पाट्यांवर असतं. पंप कधी येणार? मग उजव्या लेनमध्ये असताना पंप दिसला की तो दोन लेन एका झटक्यात कापतो. हे मी नवख्यांकडून पाहिलं आहे आणि मुरलेल्या रायडरकडूनही पाहिलं आहे. कौशल्याचा इथे संबंध नसतो. शरीराने लक्ष मागून घेतलेलं असतं.

यावर प्रयोगही झालेला आहे. निरोगी माणसांना दर पाव तासाला पाणी पाजत, लघवी अजिबात धरवेना अशा टोकापर्यंत नेलं आणि त्यांच्या लक्ष देण्याच्या आणि आठवणीत धरून काम करण्याच्या क्षमतेच्या चाचण्या घेतल्या. मॅथ्यू लुइस, पीटर स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी त्याला हसवणाऱ्या संशोधनासाठीचा इग नोबेल पुरस्कार मिळाला, आणि त्यामुळे लोक त्याच्याकडे गंमत म्हणून बघतात. निष्कर्षात गंमत काहीच नाही. टोकाच्या घडीला क्षमतेत झालेली घट ही रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना किंवा चोवीस तास जागरण झाल्यावर होते तेवढी होती, आणि मूत्राशय रिकामं झाल्यावर ती भरून निघाली. प्रयोग लहान होता, मोजक्या माणसांवरचा होता, हे मान्य करूनच मी तो पुढे ठेवते. आपल्या मोटार वाहन कायद्यातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. दोन बिअर घेतलेल्या माणसाला कुठलाही लीड ग्रुपमध्ये गाडी चालवू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. मग त्याच्या तोडीला जाऊन पोचणाऱ्या अवस्थेत माणसाला ढकलणारा नियम तोच लीड स्वतः का सांगतो?

‘निघण्याआधी जाऊन या’ यालाही फार अर्थ नाही. प्रौढ माणसाचं मूत्राशय साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर धरतं, आणि जाणीव त्याच्या निम्म्याच्या आसपासच सुरू होते. हिवाळ्यात पहाटे निघताना सगळे चहा घेतात. त्यात थंडीचा स्वतःचा परिणाम असतो: हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, शरीराच्या मध्यभागी रक्त वाढतं, आणि मूत्रपिंडं जास्तीचं पाणी बाहेर टाकू लागतात. डिसेंबरात पहाटे पुणे सोडलेल्या माणसाला साताऱ्याच्या आधी लघवी लागली तर त्याने निघताना आळस केला असं नव्हे. त्याचं शरीर ठीक चालू आहे एवढाच त्याचा अर्थ.

पाणी कमी पिण्याच्या सल्ल्याचा मला सगळ्यांत जास्त संताप येतो, कारण तो काळजीच्या सुरात दिला जातो. रायडर जॅकेटच्या आत घामाने भिजत असतो, पण वारा घाम उडवून नेतो, म्हणून त्याला घाम येतोय हे कळत नाही. एप्रिल-मे महिन्यात सोलापूर रस्त्यावर किंवा विदर्भात काळ्या जॅकेटमध्ये, हेल्मेटच्या आत, डांबराच्या झळांवरून चार तास गाडी चालवणाऱ्याला पाणी कमी प्या म्हणणं म्हणजे त्याला उष्माघाताच्या दिशेने पाठवणं आहे. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात २०१५ च्या एका अभ्यासात पुरुषांना दोन तास सिम्युलेटरवर गाडी चालवायला लावली. एकदा पुरेसं पाणी देऊन, एकदा तासाला जेमतेम २५ मिलिलिटर देऊन. पुरेसं पाणी मिळालं तेव्हा चुका झाल्या ४७, जेमतेम मिळालं तेव्हा १०१. लेन सोडणं, उशिरा ब्रेक मारणं, अशाच चुका. सिम्युलेटरमध्ये ना ऊन होतं ना वारा. आणि तहान मारून गाडी चालवणाऱ्याला मुतखडा किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग होतो तेव्हा तो राइड संपल्यावर होतो, त्यामुळे ब्रीफिंग देणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

‘पेट्रोलला थांबू तेव्हा उरका’ हा नियम आपल्याकडे अमेरिकी राइडिंगमधून आला असावा. तिथल्या काही क्रूझरच्या टाक्या लहान आणि इंजिनं मोठी, त्यामुळे पंप लवकर शोधावा लागतो. तिथे पेट्रोलचा थांबा आणि शरीराचा थांबा आपोआप जुळून येतो. आपल्या गाड्यांचं गणित बघा. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० ची टाकी १३ लिटरची. लिटरला ३० किलोमीटर धरले तरी ३९० किलोमीटर. पुण्याला टाकी फुल केलेली क्लासिक कोल्हापूर मागे टाकून आंबोली उतरून सावंतवाडीपर्यंत जाऊ शकते. नव्या हिमालयनची टाकी १७ लिटरची आहे. म्हणजे आपल्या रस्त्यांवर पेट्रोलच्या हिशेबाने थांबायचं ठरवलं तर सहा-सात तास थांबायचंच नाही. नियम उचलला, पण तो ज्या टाकीसाठी होता ती टाकी बघितली नाही.

उचलायचंच होतं तर पूर्ण उचलायचं. स्टॅगर्ड फॉर्मेशन, दोन सेकंदांचं अंतर, हाताचे इशारे हे जे आपले क्लब अभिमानाने शिकवतात, त्यातलं बरंच काही अमेरिकेतल्या मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनच्या मार्गदर्शनात सापडतं. त्याच इशाऱ्यांमध्ये पेट्रोलसाठी एक इशारा आहे, टाकीकडे बोट. खाण्यापिण्यासाठी दुसरा, अंगठा तोंडाकडे. आणि बाथरूमच्या थांब्यासाठी वेगळा, तिसरा: हात बाहेर काढून मूठ वळायची आणि खाली-वर हलवायची. पहिले दोन आपल्याकडे सगळ्यांना येतात. तिसरा मी क्वचितच कुठल्या ब्रीफिंगमध्ये शिकवलेला पाहिला आहे. त्याच मार्गदर्शनात लिहिलं आहे की ग्रुप शक्यतो पाच ते सात जणांचा ठेवा, मोठा असेल तर तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचा लीड आणि स्वीप द्या. आणि मार्गाबरोबर विश्रांतीचे व पेट्रोलचे थांबेही आधीच ठरवून सांगा. वीस गाड्यांची एकच रांग ही आपली आवड आहे. ती व्हिडिओत छान दिसते. तिच्यामुळे थांबणं अवघड होतं म्हणून माणसाने लघवी दाबावी, ही सांगड मला मान्य नाही. रांग लहान करा.

आता वेळेचा हिशेब, कारण शेवटी सगळे तिथेच येतात. पुणे ते कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. या रस्त्यावर चार टोलनाके आहेत: खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. पहिला पुण्याला लागूनच. तिथून पुढचे प्रत्येकी साठेक किलोमीटरवर. म्हणजे दर तासाभराने स्वच्छतागृह असण्याची जागा रस्त्यानेच आखून दिलेली आहे. पहिला सोडून तीन ठिकाणी बारा-बारा मिनिटं थांबलं तर छत्तीस मिनिटं. नाश्ता त्यातल्याच एका ठिकाणाच्या जवळ ठेवला तर त्याहून कमी. एका न ठरवलेल्या थांब्यात, पुढे गेलेल्यांना फोन करण्यात, कोण कुठे राहिलं हे शोधण्यात आणि पुन्हा रांग लावण्यात याहून जास्त वेळ जातो हे कुठलाही स्वीप सांगेल.

लांब पल्ल्याच्या खऱ्या कसोटीकडे बघा. आयर्न बट असोसिएशनची सॅडलसोर राइड म्हणजे २४ तासांत १००० मैल, १६०९ किलोमीटर. आपल्याकडेही अनेकांनी ती केली आहे, आणि तिचा बिल्ला जॅकेटवर लावणाऱ्याकडे सगळे आदराने बघतात. त्या राइडची सरासरी काढा: ताशी ६७ किलोमीटर, सगळे थांबे धरून. ही राइड पूर्ण होते ती शिस्तीने थांबल्यामुळे, थांब्यावर वेळ वाया न घालवल्यामुळे आणि पुन्हा निघून एकसारख्या वेगाने चालवल्यामुळे. न थांबण्यात मर्दुमकी आहे असं मानणाऱ्यांनी ज्यांनी खरंच इतकं अंतर कापलं आहे त्यांना एकदा विचारावं.

मर्दुमकी हा शब्द मी जाणूनबुजून वापरला, कारण या नियमाच्या मुळाशी तीच आहे. थांबा मागणारा कच्चा, अशी धारणा. तिचा पहिला बळी बाई असते असं वाटतं, पण मी ग्रुपमध्ये पन्नाशीच्या पुढचे पुरुष बघते. गाडी घ्यायला पैसे आणि राइडला वेळ याच वयात मिळतो. याच वयात प्रोस्टेट वाढलेली असते, कुणाला मधुमेह असतो, कुणाला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असते. हे पुरुष वीस जणांसमोर ‘मला थांबायचंय’ म्हणत नाहीत. ते ‘क्लच जरा घसरतोय, बघतो’ म्हणतात, ‘फोन आला होता’ म्हणतात. काहीजण सकाळची गोळीच घेत नाहीत. राइडसाठी रक्तदाबाची गोळी न घेणारा माणूस सुरक्षित ग्रुपमध्ये आहे असं कसं म्हणायचं?

बायकांचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे शरीर, कपडे आणि रस्ता तिन्ही आडवे येतात. बाईचा मूत्रमार्ग साधारण चार सेंटिमीटरचा असतो, पुरुषाचा वीसच्या आसपास; संसर्ग वर चढायला तिथे अंतरच कमी. दाबून ठेवणं आणि पाणी न पिणं या दोन्ही गोष्टी तो धोका वाढवतात. त्यात रायडिंग गिअर. हेल्मेट, ग्लोव्ह्ज, मग जॅकेट, कारण ते पाठीमागे पँटला चेनने जोडलेलं असतं, मग गुडघ्यात आर्मर असलेली पँट, आत थर्मल किंवा पावसाळ्यात लायनर. हे सगळं पंपाच्या ओल्या फरशीच्या संडासात, जिथे खुंटी नाही आणि कडीही धड नाही. हेल्मेट ठेवायचं कुठे? पाळी असेल तर पॅड बदलायचं आणि टाकायचं कुठे? पुरुषाच्या दोन मिनिटांना इथे दहा लागतात. ती दहा मिनिटं तिने वाया घालवलेली नसतात. ‘पाच मिनिटांत निघतोय’ असं ओरडणाऱ्या लीडला हे माहीत असायला हवं, आणि माहीत नसेल तर विचारायला हवं.

‘बायकांनी आपला वेगळा ग्रुप काढावा’ हे उत्तर मी फार ऐकलं आहे. बायकांचे ग्रुप आहेत, उत्तम आहेत, आणि त्यात जायचं की नाही हे त्या ठरवतील. मिश्र ग्रुपचा नियम फक्त एका प्रकारच्या शरीराला सोयीचा असेल तर नियम बदलायचा असतो. बायकांची सोय बघा ही मागणी शहरांमध्ये फार आधी झाली. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ चळवळ चालली. पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ या संस्थेने न्यायालयात दाद मागितली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बायकांसाठी रस्त्यांवर स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं असणं ही महापालिकांची जबाबदारी असल्याचं स्पष्ट करून त्यासाठी आदेश दिले. ज्या गोष्टीला न्यायालयाने हक्क म्हणून मान्यता दिली ती मोटरसायकल ग्रुपमध्ये एखाद्याच्या मेहेरबानीवर राहावी?

‘पुरुष कुठेही उभे राहतात, त्यांचं काय अडतं?’ असंही म्हटलं जातं. अडतं. कराड ते कोल्हापूर उसाच्या पट्ट्यात दहा माणसं एका ओळीत शेताच्या बांधावर उभी राहतात तेव्हा ते कुणाचं तरी शेत असतं. पलीकडे खुरपणीला बसलेल्या बायका असतात. कधी ओढा असतो, ज्याचं पाणी खाली कुणीतरी भरत असतं. महागड्या गाड्या लावून हे करणाऱ्या शहरी माणसांबद्दल गावात काय बोललं जातं ते हेल्मेटच्या आत ऐकू येत नाही. आणि पुढच्या वेळी तोच ग्रुप पंक्चर होऊन त्याच गावात अडकतो तेव्हा त्याला पाणीही मागावं लागतं.

दुचाकीवाल्यांना आधीच चांगल्या सोयींच्या रस्त्यांवरून बाहेर ठेवलेलं आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आपल्याला बंदी, म्हणून तिथले फूड मॉल आपले नाहीत; आपण पनवेल, खोपोली, बोरघाट, लोणावळा असा जुना रस्ता धरतो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, त्यावरही दुचाकी नाही. आपल्या वाट्याला येतात जुने हायवे आणि राज्यमार्ग. म्हणून आपल्याला थांब्यांची आखणी कारवाल्यांपेक्षा जास्त काटेकोर करावी लागते. ती आखणी न करता सगळा भार माणसाच्या मूत्राशयावर टाकणं ही लीडची चूक आहे.

करायचं काय, तर अवघड काही नाही. मार्ग ठरवताना पेट्रोलबरोबर थांबे ठरवा, दर साठ-सत्तर किलोमीटरला किंवा सव्वा तासाने, आणि ते ग्रुपवर आदल्या रात्री नावानिशी टाका. शक्यतो पंप निवडा. तेल कंपन्यांच्या नियमांप्रमाणे पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि हवा असणं बंधनकारक आहे. पुण्यात टाकी फुल करू नका. अर्धी ठेवा आणि वाटेत दोन-तीन पंपांवर थोडं थोडं भरा. सात गाड्यांनी तीनशे-तीनशेचं पेट्रोल घेतल्यावर चावी मागायला कुणाला संकोच वाटत नाही. गोव्याच्या वाटेवर निपाणीनंतर आजऱ्याकडे वळलं की पंप विरळ होतात, म्हणून निपाणीचा थांबा कुणाला नको असला तरी घ्यायचाच. तालुक्याच्या गावात एसटी स्टँड असतं, ते विसरू नका. तिथे बाईला निदान दार असलेली जागा मिळते.

आणि ठरलेल्या थांब्याआधी कुणाला गरज पडली तर? तर त्याने इशारा करायचा, स्वीपने त्याच्याबरोबर पुढच्या पंपावर वळायचं, बाकीच्यांनी ठरलेल्या वेगाने पुढच्या थांब्यापर्यंत जायचं आणि तिथे वाट बघायची. ग्रुप रस्त्यात थांबत नाही, एकटा कुणी राहत नाही. मागे राहिलेल्या दोघांनी गाठण्यासाठी वेग वाढवायचा नाही, हे ब्रीफिंगमध्ये ठासून सांगायचं, कारण खरा धोका पंपावरच्या थांब्यात नसतो, त्यानंतरच्या पाठलागात असतो. कारण विचारायचं नाही. यापेक्षा जास्त काही लागत नाही, आणि मी ज्या ग्रुपमध्ये हे चालताना पाहते तिथे वेळेवर न पोचण्याची तक्रार येत नाही.

लडाखला जाणाऱ्या आपल्या ग्रुपना तर न थांबण्याचा नियम मोडावाच लागतो, पण तोही चोरून. मनाली-लेह रस्त्यावर उंचीचा त्रास होऊ नये म्हणून अनेकजण डायमॉक्स घेतात. ती गोळीच मुळात लघवी वाढवणारी. उंची स्वतः लघवी वाढवते, थंडी वाढवते, आणि डॉक्टर भरपूर पाणी प्या सांगतात. चारही गोष्टी एकाच दिशेने चाललेल्या असताना पांगच्या पुढे मोरेचं मैदान लागतं: साडेचार हजार मीटरच्या वर, चाळीसेक किलोमीटर सपाट, एक झुडूप नाही. पुरुष गाडीच्या आड उभे राहतात. बाई सकाळपासून पाणी पीत नाही, आणि उंचीवर पाणी न पिणाऱ्या माणसाचं डोकं दुपारी ठणकू लागतं तेव्हा सगळे म्हणतात, हिला उंची मानवली नाही. उपाय पाचशे ग्रॅमचा आहे: एक मोठं पाँचो किंवा दोन काठ्यांचा आडोसा, बॅकअप गाडीत नाहीतर सॅडलबॅगेत, आणि दोन तासांनी आडोसा उभा राहील हे आधी सांगितलेलं. ऑक्सिजनचा सिलिंडर नेणाऱ्या ग्रुपना एवढं सामान जड नाही.

‘आमच्या ग्रुपमध्ये कुणी कधी तक्रार केली नाही’ असं जे लीड म्हणतात त्यांना माझं एकच विचारणं आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्या लांबच्या राइडला येणं कुणी बंद केलं? नावं काढा. त्यांना फोन करा आणि थेट विचारा. काहीजणी सांगतील की एकशेवीस किलोमीटरच्या सकाळच्या राइडला येते, गोव्याला नको. त्याचं कारण गाडी नाही.

थांबे ठरवले की पुढची गोष्ट समोर येते: ठरवलेल्या जागी संडास घाण असतो किंवा त्याला कुलूप असतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने टोलनाक्यावरच्या घाण स्वच्छतागृहाचा फोटो राजमार्गयात्रा ॲपवर पाठवणाऱ्याला हजार रुपये देऊ केले होते. ते फास्टॅगमध्ये जमा होणार होते. दुचाकीला टोल नाही, म्हणून आपल्याकडे फास्टॅग नाही. पण तक्रार करायला फास्टॅग लागत नाही. त्याच ॲपवर फोटो टाकता येतो. पंपावर तक्रारवही मागता येते, ती देणं पंपाला बंधनकारक आहे. एकटी बाई चावी मागते तेव्हा ‘पाणी नाही’ म्हणून तिला परत पाठवलं जातं. तेच सात-आठ जणांनी काउंटरवर जाऊन मागितलं, पाणी नसेल तर वहीत लिहिलं, आणि दर महिन्याला त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक ग्रुपने ते केलं, तर त्या पंपाला दार उघडावं लागेल. ग्रुपची जी ताकद आपण फोटोत मिरवतो ती वापरायची ही जागा आहे, आणि लीडने हेल्मेट काढून सगळ्यांत आधी काउंटरवर जायचं आहे.